गोळी सुटते, पण पुंगळी बाहेर पडत नाही! नव्या रायफलचा इजेक्टर अडकतो कसा आणि सोडवायचा कसा?

सिनेमात हे तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. हिरो रायफल खांद्याला लावतो, बार उडतो, मग तो उजव्या हाताने एक दांडी वर उचलून मागे ओढतो आणि पितळी पुंगळी गिरकी घेत बाहेर पडते. दांडी पुढे, दांडी खाली, पुढचा बार तयार.

आता समजा, अमेरिकेत एकाने हरणाच्या सीझनच्या तोंडावर नवी कोरी रायफल घेतली. दुकानातून घरी, घरून थेट रेंजवर. पहिला बार झाला, निशाणाही बरा लागला. त्याने दांडी मागे ओढली. पुंगळी नळीतून निघाली खरी, पण उडाली नाही. तिथेच चिकटून बसली. रायफल तिरकी करून हलवली तेव्हा कुठे खाली पडली. दुसऱ्या बाराला तेच, तिसऱ्यालाही तेच.

बंदूक नवी, पैसे रोख मोजलेले, आणि पुंगळी काढायला बोटं घालावी लागतायत. माणूस वैतागणारच.

पण मंडळी, वैताग ही यातली छोटी गोष्ट आहे. हाच बिघाड एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. कसा, ते सांगतो. त्याआधी हे यंत्र चालतं कसं ते बघू.

दांडीची रायफल

ही दांडी म्हणजे बोल्टचं हँडल, आणि अशा रायफलीला म्हणतात बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. आपल्याला ती अनोळखी नाही. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री याच जातीची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून ब्राँझ आणलं, त्या प्रकारातल्या रायफलीही पॉइंट टू टू बोरच्या बोल्ट अ‍ॅक्शनच असतात.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा लोखंडी दांडा. पुढे सरकवून खाली फिरवला की त्याच्या टोकाचे कान खाचेत अडकतात आणि नळीचं मागचं तोंड बंद होतं. हे तोंड घट्ट बंद राहणं किती महत्त्वाचं आहे बघा. आपल्या कारच्या टायरमध्ये प्रत्येक चौरस इंचाला तीसेक पौंड दाब असतो. शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टर काडतुसात हाच दाब ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. क्षणभरासाठी का होईना, पण तेवढा दाब बोल्टने थोपवायचा असतो, आणि त्याच्या मागे तुमचा गाल असतो.

बार झाला की गोळी पुढून निघून जाते, रिकामी पितळी पुंगळी मागे राहते. ती काढायचं काम दोघं मिळून करतात.

पहिला एक्स्ट्रॅक्टर. हा एक आकडा असतो. पुंगळीच्या बुडाला जी कड असते ती हा पकडतो आणि बोल्ट मागे जाताना पुंगळी ओढून काढतो.

दुसरा इजेक्टर. ओढून आणलेल्या पुंगळीला एका बाजूने धक्का देऊन बाहेर भिरकावायचं काम याचं. एका बाजूला आकड्याने धरलंय, दुसऱ्या बाजूने धक्का बसतोय, म्हणून पुंगळी गिरकी घेते.

लोक इथेच गल्लत करतात. पुंगळी नळीतच अडकून राहिली, बोल्ट रिकामाच मागे आला, तर दोष एक्स्ट्रॅक्टरकडे किंवा नळीच्या मागच्या खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये. पुंगळी मागे आली पण बाहेर पडली नाही, तर दोष इजेक्टरकडे. आपल्या या माणसाची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे.

इजेक्टरच्या दोन जाती

१८९८ साली जर्मन सैन्याने माउझरची रायफल घेतली, तिच्यात इजेक्टर म्हणजे एक साधं पातं होतं. ते बोल्टवर नव्हे, बंदुकीच्या अंगात, डाव्या बाजूला बसवलेलं. बोल्ट पूर्ण मागे आला की हे पातं बोल्टच्या खाचेतून पुढे येतं आणि पुंगळीचं बूड त्याच्यावर आपटतं. थ्री नॉट थ्रीमध्ये तर पातंही नाही. डाव्या भिंतीत एक छोटा स्क्रू आहे, त्याच्यावर पुंगळी आपटली की झालं. स्प्रिंग नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. गंमत अशी की पुंगळी किती लांब पडणार हे तुमच्या हातावर ठरतं. हळू ओढलं तर पुंगळी पायाशी, जोरात ओढलं तर चार हात लांब.

दुसरी जात म्हणजे प्लंजर. बोल्टच्या सपाट तोंडावर एक बारीक गोल भोक असतं. त्यात मागे स्प्रिंग आणि पुढे एक छोटी खिळी. ही खिळी कायम थोडीशी बाहेर डोकावत असते. काडतूस आत बसलं की त्याच्या बुडाने ती आत दाबली जाते आणि तशीच दबून राहते. बोल्ट मागे ओढला, पुंगळीचं पुढचं टोक खिडकीपाशी मोकळं झालं, की स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. इथे तुमच्या हाताच्या वेगाचा फारसा संबंध नाही. हळू ओढा, जोरात ओढा, धक्का जवळपास तेवढाच.

ही खिळी भोकातून निसटून जाऊ नये म्हणून एक आडवी पिन असते. खिळीच्या अंगावर खाच असते, त्या खाचेत ही पिन बसते. खाचेच्या लांबीएवढीच खिळीला मागे-पुढे व्हायची मुभा.

मग साधं पातं सोडून ही भानगड कशाला? रेमिंग्टन कंपनीने १९४८ साली ७२१ आणि ७२२ ही मॉडेल्स आणली आणि १९६२ साली त्यांच्यावरूनच प्रसिद्ध ७०० मॉडेल. माइक वॉकर या त्यांच्या इंजिनिअरचं हे काम. यात पुंगळीचं बूड बोल्टच्या तोंडातल्या वाटीत पूर्ण बसतं. वाटीची कड सगळीकडून अखंड. तिच्याभोवती नळी, नळीभोवती बंदुकीचं अंग. स्टीलची तीन कडी म्हणून याची जाहिरात व्हायची. आता कड अखंड ठेवायची म्हटल्यावर पात्यासाठी खाच कुठून पाडणार? म्हणून इजेक्टर वाटीच्या आतच घातला. शिवाय बनवायलाही स्वस्त. विंचेस्टरचं मॉडेल ७० हे १९३६ पासून माउझरच्या वळणाचं होतं, त्यांनीही १९६४ मध्ये प्लंजर घेतला. त्यावरून अमेरिकन शिकारी इतके नाराज झाले की ६४ च्या आधीच्या रायफलीला आजही जास्त भाव येतो.

पण प्लंजर म्हणजे कमअस्सल, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. अमेरिकन मरीन्सची १९६६ ची एम ४० आणि तिथल्या लष्कराची १९८८ ची एम २४, या दोन्ही स्नायपर रायफली याच ७०० वरून बनल्या. आजच्या बहुतेक नव्या शिकारी रायफलींमध्ये हीच पद्धत असते. फक्त एक आहे. भोक, स्प्रिंग आणि खिळी म्हटलं की भोकात घाण जाणार आणि खिळी कधीतरी अडकणार.

जिवावर बेततं ते इथे

खिळी आतच अडकली तर रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, हे आपण पाहिलं. पण जिवंत काडतूसही पडत नाही.

संध्याकाळ झाली, शिकार मिळाली नाही, माणूस गाडीपाशी आला. रायफल रिकामी करायची म्हणून त्याने मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, खाली केला. रोजच्या सवयीने. एरवी या एका ओढीत चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं. आज ते आकड्याला लटकून मागे आलं, उडालं नाही, आणि बोल्टबरोबर परत आत जाऊन बसलं. अंधारात, हातमोजे घालून, बोलता बोलता हे कळतही नाही. त्याच्या लेखी रायफल रिकामी. प्रत्यक्षात ती भरलेली, घोडा ताणलेला.

काडतूस जमिनीवर पडल्याचा आवाज आला का? हा प्रश्न किती जण विचारतात?

दुसराही धोका आहे. रिकामी पुंगळी आत आडवी पडलेली असताना घाईत बोल्ट पुढे ढकलला तर ती आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस, दोन्ही एकाच दारात अडकतात. अशा वेळी जोर लावायचा नाही. समोर रिकाम्या पुंगळीऐवजी जिवंत काडतूस असेल आणि टोकदार गोळीने त्याच्या बुडावर मधोमध टोचलं गेलं तर काय होईल हे सांगायला नको.

म्हणून इजेक्टर बरा असो वा नसो, रायफल रिकामी आहे की नाही हे बोल्टच्या आवाजावरून ठरवू नका. मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण मागे ठेवा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा. खालचं वाक्य वाचण्याआधी हे झालंच पाहिजे. नळीचं तोंड कायम अशा दिशेला, जिथे चुकून गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही. आणि एकही जिवंत काडतूस त्या टेबलावर नको, त्या खोलीतही नको.

चाप ओढूनही बार झाला नाही आणि काडतूस आत आहे, अशी वेळ आली तर बोल्टला लगेच हात लावू नका. कधीकधी दारू उशिरा पेटते. रायफल लक्ष्याच्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

आधी खात्री करा की दोष इजेक्टरचाच आहे

बोल्ट रायफलमधून काढून घ्या. रेमिंग्टन ७०० मध्ये चापाच्या पुढ्यात एक छोटी कळ असते, ती दाबून बोल्ट मागे ओढला की निघतो. बऱ्याच रायफलींमध्ये ही कळ अंगाच्या डाव्या बाजूला मागे असते. पुस्तिका बघा. हो, ती बंदुकीच्या खोक्यात तळाला पडलेली, कुणीच न वाचलेली पुस्तिका.

आता बोल्टचं तोंड उजेडात धरा. खिळी दिसली पाहिजे आणि थोडी वर आलेली दिसली पाहिजे. लाकडाची काडी किंवा पेन्सिलीचं मागचं टोक घेऊन ती दाबा. खिळी कडक असते, त्यामुळे जोर लागेल, पण सोडल्याबरोबर टकदिशी परत वर आली पाहिजे.

ती वाटीच्या सपाटीलाच बसली असेल आणि हलत नसेल, तर आत अडकली. हळूहळू, आळस दिल्यासारखी वर येत असेल, तर आत चिकट काहीतरी आहे. दाबायला अगदी हलकी लागत असेल, तर स्प्रिंगचा संशय घ्या. आणि दाबताच येत नसेल, पूर्ण बाहेर राहून ताठ उभी असेल, तर तुम्हाला वेगळीच तक्रार जाणवली असणार: काडतूस घातल्यावर बोल्ट मिटायलाच नकार देत असेल. तिथे हँडलवर तळहाताने ठोके मारणं हा मूर्खपणा आहे.

खिळी ठणठणीत असेल तर? मग दुसरीकडे बघा. दुर्बीण फार खाली बसवलेली असेल तर बाहेर उडणारी पुंगळी तिच्या गोल बटणावर आपटून परत आत पडते. बघणाऱ्याला वाटतं इजेक्टर कमजोर आहे. दुर्बिणीच्या बटणावर पितळी पिवळट ओरखडा दिसला तर चोर सापडला. आकड्याची पकड ढिली असेल तरी पुंगळी गिरकी घ्यायच्या आतच सुटून मॅगझिनवर पडते. पातंवाल्या रायफलीत तर कधीकधी एवढंच झालेलं असतं की नवा माणूस बंदूक नवी म्हणून बोल्ट नाजूकपणे, अर्धवट ओढतो. पात्यापर्यंत पुंगळी पोचतच नाही. पूर्ण मागे, झटक्यात ओढा, प्रश्न संपला.

नवी रायफल आणि अडकलेली खिळी, हे कसं?

इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं. जुनी बंदूक अडकेल, पण पेटीतून काढलेली?

सगळ्यात साधं कारण म्हणजे कारखान्यातलं तेल. रायफल बनल्यावर गोदामात, ट्रकमध्ये, दुकानात किती महिने पडून राहील याचा नेम नाही. गंजू नये म्हणून तिला जाडसर संरक्षक तेल किंवा ग्रीस लावून पाठवतात. नळीतलं तेल आपण पुसतो. बोल्टच्या तोंडावरच्या त्या बारीक भोकातलं कोण पुसणार? ते तिथेच राहतं, हवेने घट्ट होतं, आणि थंडी पडली की आणखी घट्ट. उत्तर अमेरिकेत हरणाचा सीझन पानगळीपासून थंडीपर्यंत असतो. घरातल्या उबेत टकाटक चालणारी खिळी पहाटेच्या गोठवणाऱ्या गारठ्यात जागची हलत नाही, त्याचं कारण हेच.

दुसरं कारण, कारखान्यातला कचरा. भोक पाडताना, खाचा मारताना लोखंडाचा बारीक कीस निघतो. तो नीट धुतला गेला नाही आणि तेलात अडकला, तर खिळी आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये पाचर बसल्यासारखं होतं. भोकाच्या काठाला धार राहिली असेल, आडवी पिन ठोकताना तिचं टोक चेपलं असेल, तरी खिळी घासते.

तिसरं कारण पितळ. पुंगळी पितळेची, खिळी पोलादाची. खिळीच्या कडेला धार असेल तर बोल्ट फिरवताना दरवेळी ती पुंगळीच्या बुडावरून पितळेचा बारीक सोनेरी भुगा खरवडते. पाच-पंचवीस बारांत तो भुगा भोकात साचतो. बोल्टच्या तोंडावर सोनेरी चमक दिसली तर हे कारण समजा.

आणि चौथं कारण, ज्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहितोय असं म्हटलं तरी चालेल. जास्त दाब.

पुंगळीचं बूड बोल्टच्या तोंडावर टेकलेलं असतं. सगळीकडे पोलादाचा आधार, फक्त खिळीच्या भोकाशी नाही. दाब हद्दीबाहेर गेला की पितळ मऊ मेणासारखं त्या भोकात शिरतं. बोल्ट फिरवला की तो उंचवटा कापला जातो आणि त्याचा तुकडा भोकात राहतो. खिळी अडकते. आपण म्हणतो, इजेक्टर खराब निघाला. प्रत्यक्षात इजेक्टर बिचारा बातमी देतोय की काडतूस भलतंच तापट आहे.

हे ओळखायचं कसं? वापरलेल्या पुंगळ्या टाकू नका, बुडाकडून उजेडात बघा. त्यावर खिळीच्या भोकाएवढा चकचकीत गोल किंवा चंद्रकोरीसारखा ठसा उमटला असेल, सोबत बार झाल्यावर हँडल उचलायला जड जात असेल, बुडातली टोपी चपटी झाली असेल, तर गोळीबार तिथेच थांबवा. साफसफाई नंतर. अमेरिकेत बरेच नेमबाज काडतुसं घरी भरतात, त्यात दारू थोडी जास्त पडली की असं होतं. चुकीचं काडतूस, चेंबरमध्ये राहिलेलं तेल हीसुद्धा कारणं असू शकतात. तेलामुळे पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही आणि सगळा रेटा बोल्टच्या तोंडावर येतो. म्हणजे बघा, तेच कारखान्यातलं तेल नळीच्या आत राहिलं तर दुसऱ्या रस्त्याने त्रास देतं. नव्या रायफलीचं चेंबर पहिल्या बाराआधी कोरडं पुसायला सांगतात ते यासाठी.

आता सोडवू

दाबाची लक्षणं नसतील तर नव्या रायफलीत साफसफाईने काम व्हायची शक्यता भरपूर असते. आधी डोळ्यांवर चष्मा चढवा, कारण भोकात मारलेला फवारा उलटा तोंडावर येतो. बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट किंवा नळीवाला डिग्रीझर घ्या, खिडकी उघडी ठेवा, जवळपास विडी-काडी नको.

बोल्टचं तोंड वर धरून खिळीच्या कडेने सॉल्व्हंट सोडा आणि पाच-दहा मिनिटं मुरू द्या. मग लाकडी काडीने खिळी दाबा-सोडा, दाबा-सोडा. हलतच नसेल तर काडीच्या टोकावर हलकेच टिचक्या द्या. स्क्रूड्रायव्हर, खिळा, पोकर हे प्रकार नकोत. एकदा का हलली की बोल्ट उलटा करून तोंड खाली धरा आणि परत फवारा मारा, म्हणजे घाण आत न जाता बाहेर येईल. खाली पांढरं फडकं ठेवा. त्याच्यावर काय पडतंय ते वाचण्यासारखं असतं. तपकिरी चिकटा पडला तर कारखान्यातलं तेल, करडे चमचमते कण म्हणजे लोखंडाचा कीस, सोनेरी म्हणजे पितळ. पितळ फार निघालं तर वर सांगितलेल्या पुंगळ्या परत एकदा बघा.

फडक्यावर काही पडायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. मग कोरडं होऊ द्या आणि अगदी पातळ तेलाचा एकच थेंब. माणसं इथे उदार होतात. भोकात तेल भरलं की महिनाभरात त्यात धूळ आणि पितळ बसून तीच कणीक परत तयार होते.

यानेही खिळी सुटली नाही तर पुढची पायरी म्हणजे आडवी पिन ठोकून खिळी आणि स्प्रिंग बाहेर काढणं. ऐकायला सोपं आहे. पण स्प्रिंग दाबलेली असते, पिन सुटल्याक्षणी खिळी गोळीसारखी सुटते, डोळ्यात तरी जाते नाहीतर कपाटाखाली. बोल्टचं तोंड चेपलं, पिनचं भोक वाकडं झालं, तर शंभर रुपयांच्या भागापायी अख्खा बोल्ट गेला. माझं मत विचाराल तर, जुन्या रायफलीवर हे काम बंदुकीच्या मिस्त्रीने करावं, आणि नव्या रायफलीवर कंपनीने. वॉरंटी कशासाठी आहे? तुम्ही कानशीने खिळीची धार मोडली, स्प्रिंगचा वेढा कापला, की कंपनी हात वर करायला मोकळी. अमेरिकेत दुरुस्तीला पाठवलेली बंदूक कंपनी थेट मालकाच्या पत्त्यावर परत पाठवू शकते, दुकानदार मध्ये लागत नाही. पाठवताना दोन-चार वापरलेल्या पुंगळ्यांचे फोटो आणि काडतुसाच्या डबीवरचा लॉट नंबर कळवला तर त्यांचं निदान लवकर होतं.

आणि एक. मित्राकडे तसलीच रायफल आहे, त्याचा बोल्ट लावून बघू, असं अजिबात करायचं नाही. बोल्टचं तोंड आणि चेंबर यांच्यातलं अंतर त्या त्या जोडीसाठी केसाइतक्या मापाने जुळवलेलं असतं. ते बिघडलं तर पुंगळी फुटू शकते.

काही लोक इजेक्टर मुद्दाम काढून टाकतात

खरंच. बेंचरेस्ट नावाच्या खेळात टेबलावर रायफल टेकवून एकाच भोकात पाच गोळ्या घालायची स्पर्धा असते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बोल्टमध्ये इजेक्टर नसतोच. खिळी एका बाजूने रेटत असल्यामुळे काडतूस चेंबरमध्ये किंचित तिरकं बसतं असं त्यांचं म्हणणं. शिवाय घरी निगुतीने भरलेली पुंगळी मातीत उडवायची त्यांची तयारी नसते. ते ती बोटांनी उचलून डबीत ठेवतात. त्यांचं ठीक आहे, त्यांच्यासमोर कागद असतो. अलास्कात अस्वलाच्या पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाने त्यांचं अनुकरण करू नये.

आपल्याकडे काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला. परवान्याची बंदूक असते ती स्वसंरक्षण, शेती संरक्षण किंवा नेमबाजीसाठी. त्यात बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे बहुतेकदा आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल. तिची घडण थ्री नॉट थ्रीवरून घेतलेली, त्यामुळे प्लंजरचा प्रश्न तिथे येत नाही. पण परदेशी बनावटीच्या रायफली खेळाडूंकडे असतात आणि तेल तर सगळीकडेच सुकतं. निवडणूक लागली की बऱ्याच परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. महिना-दोन महिन्यांनी परत आणलेली बंदूक तशीच पुसून भिंतीला लावू नका, बोल्ट काढून एकदा खिळी दाबून बघा.

साफ करणं, तेल लावणं हे मालकाचं काम. पण दुरुस्तीचा धंदा करायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे रायफलीचा बोल्ट घेऊन गेलात तर तो आणि तुम्ही, दोघंही अडचणीत याल. परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडेच जा.

काम झालं हे कसं कळणार? त्यासाठी जिवंत काडतूस वापरायचं नाही. डमी काडतुसं मिळतात, आत ना दारू ना टोपी. तीन-चार डमी मॅगझिनमध्ये भरा आणि एकेक करून बाहेर काढा. दहा वेळा हळू ओढा, दहा वेळा जोरात. वीसच्या वीस वेळा डमी खिडकीतून बाहेर पडून जमिनीवर वाजली पाहिजे. थंडीच्या मुलखातला माणूस असेल तर बोल्ट रात्रभर बाहेरच्या गारठ्यात ठेवून सकाळी परत तेच करतो. वीसात एकदा जरी डमी आत राहिली तरी रायफल अजून नीट झालेली नाही, ती कंपनीकडेच जाऊ द्या.